किक झेलणाऱ्या दोघी

१४ ऑक्टोबर २०२०, बुधवार. बावीस जर्सी धुवायच्या होत्या, दोन खेपांत, गरम पाण्यात. पूर्वी प्रत्येक मुलगी आपली जर्सी घरी न्यायची आणि पुढच्या प्रॅक्टिसला तशीच चुरगळलेली, वास मारणारी घालून यायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं. करोना आला आणि आमच्या क्लबात ठरलं, की सगळे कपडे एकाच माणसाने एकाच ठिकाणी धुवायचे. तो एक माणूस म्हणजे मी.

मी हे काम मागितलेलं नव्हतं. मुलगी युनिच्या पहिल्या वर्षात असताना या टीममध्ये गेली आणि मी तिला सोडायला-आणायला जायचे, एवढाच माझा संबंध. गाडीत बसून फोन बघायचा, झालं. जूनमध्ये मैदानं उघडणार म्हणून सरकारचा एक लांबलचक फॉर्म आला. कोण कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार, चेंडू कोण पुसणार, कोणी शिंकलं तर काय करायचं. कोच तो फॉर्म हातात धरून पार्किंगमध्ये उभा होता. माणूस सहा फुटांच्या वर, दिवसभर काँक्रीट ओततो, आणि त्या कागदांपुढे अगदी केविलवाणा झाला होता. मी काच खाली केली आणि म्हटलं, आण इकडे. तेव्हापासून मी टीमची मॅनेजर.

ऑफिसातही माझं काम तेच. सिडनीत पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात मी रोस्टर लावते. कोणत्या दिवशी कोण कोणत्या काउंटरला बसणार, कोण रजेवर, कोणाच्या जागी कोण. मार्चपासून हे सगळं जेवणाच्या टेबलावरून चाललं होतं. टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुलगी, तिची युनि त्या लॅपटॉपात. नवरा बेडरूममध्ये दार लावून मीटिंगमध्ये. जेवायच्या वेळी दोन्ही लॅपटॉप सरकवायचे, जेवायचं, परत ओढायचे. सात महिने झाले होते आणि मला त्या टेबलाचा मनापासून कंटाळा आला होता.

टीम अमेरिकन फुटबॉलची. इथे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात आणि तो फारसं कोणी खेळत नाही, बायका तर त्याहून कमी. सिडनीच्या पश्चिमेच्या उपनगरांतल्या आमच्या मुली म्हणजे नर्सा, दुकानात काम करणाऱ्या, युनिवाल्या, एक बसची ड्रायव्हर. मला या खेळातलं पहिलं वर्षभर काही कळलं नाही. नंतर वेळ जात नाही म्हणून वहीत नोंदी करायला लागले आणि कळायला लागलं.

त्यात एक काम आहे किक रिटर्नरचं. समोरची टीम चेंडू उंच लाथाडते. आपल्या बाजूला, सगळ्यांच्या बऱ्याच मागे, एक किंवा दोन जणी उभ्या असतात. त्यांच्यातल्या एकीने तो वरून येणारा चेंडू झेलायचा आणि समोरून अंगावर धावत येणाऱ्या अकरा जणींमधून वाट काढत जितकं पुढे जाता येईल तितकं जायचं. ती जिथे पडेल तिथून आपला डाव सुरू होतो. झेल सुटला तर चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. मॅचमध्ये हे काम मोजक्या वेळा येतं. बाकीचा वेळ त्या जणी बाकावर बसतात किंवा दुसऱ्या कोणाच्या जागी खेळतात.

आमच्याकडे किक झेलणाऱ्या दोघी होत्या. एक माझी मुलगी. दुसरी सावंतवाडीची.

तिला आम्ही घरात सावंतवाडीचीच म्हणायचो. एकतीस वर्षांची, हॉटेल मॅनेजमेंट शिकायला म्हणून आली, मग स्वयंपाकी झाली, पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळाला, आता एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये. वेंटवर्थव्हिल स्टेशनच्या मागे एका घरात खोली भाड्याने घेऊन राहायची. माझ्या मुलीनेच तिला आणलं होतं. मराठी मंडळाच्या पिकनिकला कोणीतरी चेंडू झाडाच्या वर भिरकावला आणि हिने हातातली प्लेट न सांडता दुसऱ्या हाताने तो छातीशी घेतला. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, शी इज अ फ्रीक."

फ्रीक वगैरे काही नव्हतं. तिचे वडील कौलारू घरं शाकारायचे. पावसाआधीचे दोन महिने बाप छपरावर, भाऊ शिडीवर आणि ही खाली. जुनी कौलं उतरवायची असली की वरून एकेक कौल सुटायचं आणि ते हिने झेलून रचायचं. फुटलं की शिवी. मला तिने एकदा गाडीत सांगितलं होतं, कौल हाताने अडवायचं नसतं. ते ज्या वेगाने येतं त्याच वेगाने आपण थोडं खाली जायचं, त्याला घेऊन बसल्यासारखं. कोचने नंतर बाकीच्यांना हेच शिकवायचा प्रयत्न केला. कोणाला जमलं नाही. माझ्या मुलीला अर्धवट जमलं. ती पळते छान, पण उंच चेंडू आला की आधी डोळे मिटते. मी आई आहे, तरी हे मला दिसतं.

सावंतवाडीचीकडे गाडी नव्हती. रविवारी पावणेनऊला मी तिला घ्यायचे, मागच्या सीटवर, मास्क, चारही काचा खाली. हा माझाच नियम. ऑगस्टमध्ये तिच्या वृद्धाश्रमात एक केस निघाली आणि तिला चौदा दिवस खोलीत बसवलं, तेव्हा मी एक दिवसाआड तिच्या दारात डबा ठेवून यायचे. तिची टेस्ट निगेटिव्ह आली, दिवस संपले, पण घरातल्या बाकीच्यांनी तिला किचनमध्ये येऊ नको म्हणून सांगितलं ते सांगितलंच. तिने खोलीत एक इंडक्शनची शेगडी घेतली आणि विषय संपवला. कामावर सगळे मास्क आणि शील्डमध्ये, घरी कोणी समोर येत नाही. भारतात जाण्याची सोय नाही. हे सगळं मला माहीत होतं. लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

सोमवारी कोचचा फोन आला होता. शहराच्या दक्षिण टोकाला एक क्लब आहे. त्यांच्याकडे दांडग्या मुली भरपूर, पळणाऱ्या कमी. आमचं नेमकं उलट. आमची पुढची फळी, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवून धरणाऱ्या ज्या असतात त्या, लॉकडाऊनमध्ये विरघळून गेली होती. एक बाळंतपणाहून उठली होती, एक क्वीन्सलंडला गेली आणि बॉर्डर बंद झाली, एक हॉस्पिटलच्या डबल शिफ्टमध्ये. सीझन दोन आठवड्यांवर. फळीच नसेल तर मागच्या मुलींना मार बसतो, दुखापती होतात, आणि मग मॅच सोडून द्यावी लागते. तिकडच्या क्लबने विचारलं होतं, दोन फास्ट मुली द्या, दोन दांडग्या घ्या. इथल्या हौशी खेळात विकत-बिकत कोणी घेत नाही. दोन्ही क्लब हो म्हणाले आणि मुलींनी फॉर्मवर सह्या केल्या की झालं. मुदत गुरुवारी दुपारी बारापर्यंत.

"मेट, फास्ट मुली चार आहेत," कोच म्हणाला. "दोघी किक झेलणाऱ्या, दोघी पास पकडणाऱ्या. कुठल्या दोन द्यायच्या ते तू बघ. नाहीतर कोणालाच द्यायचं नाही, तेही बघ. तुला असलं जमतं."

जमतंच. मंगळवारी लंच ब्रेकमध्ये मी अर्ध्या तासात नोट लिहिली. वहीतल्या गेल्या सीझनच्या नोंदी काढल्या. किक रिटर्नचं काम मॅचमध्ये मोजक्या वेळा, पास पकडणाऱ्यांचं सतत, फळीचं तर प्रत्येक खेळीला. जे काउंटर दिवसभर उघडं असतं तिथे आधी माणूस बसवायचा, आठवड्यातून एकदा उघडणाऱ्याचं नंतर बघायचं. किक कोणीही झेलू शकेल, फार पुढे नाही गेली तरी चालेल, तिने नुसता चेंडू पकडून खाली बसावं. निष्कर्ष: दोन्ही किक रिटर्नर द्याव्यात. आजही ती नोट काढून वाचली तर तिच्यात कुठे बोट ठेवता येत नाही. कोचने अंगठा पाठवला.

तर बुधवारी दुपारी पहिली खेप मशीनमध्ये होती, दुसरी बादलीत भिजत होती, आणि हात ओले म्हणून मी टेबलावर फोन स्पीकरवर ठेवून सावंतवाडीचीला लावला.

"बोला ताई. पाच मिनिटं आहेत, मग गाजरं मिक्सरला लावायचीत."

"परत गाजरं?"

"इथे सगळ्यांना दात नाहीत ओ. गाजर, रताळं, भोपळा. तीन वाट्या, तीन रंग. खाणाऱ्याला कळत पण नाही कुठलं काय ते."

मी तिला सांगितलं. क्लबचं नाव, मुदत, फळीची अडचण, सगळं नीट क्रमाने. तू आणि माझी मुलगी, दोघी जाल. टीमच्या हिताचं आहे. फॉर्म संध्याकाळी ईमेल करते, फोनवरच सही करता येते.

तिकडे भांड्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "चालेल ताई."

"ट्रेन बघितलीस का? तिकडे जायला..."

"बघते मी. तुम्ही नका काळजी करू. तुम्ही ठरवलंय म्हणजे बरोबरच असेल."

"बरं मग."

"बरं ताई. गाजरं."

फोन बंद झाला. मी बादलीकडे वळले. टेबलाच्या त्या टोकाला मुलीने एका कानातला इअरफोन काढला.

"वॉव," ती म्हणाली.

"लेक्चर चालू आहे ना तुझं?"

"कॅमेरा ऑफ आहे. आई, तू तिला विचारलंस की सांगितलंस?"

"विचारलं. ती चालेल म्हणाली. तू ऐकलंस."

"शी सेज चालेल टू एव्हरीथिंग. तू तिला मंडळाच्या नाटकाच्या पडद्याला इस्त्री करायला लावलीस तेव्हा पण चालेल म्हणाली. आणि मला कधी विचारणार होतीस?"

"तुला काय विचारायचं? तू घरातलीच आहेस."

"एक्झॅक्टली," ती म्हणाली, आणि लॅपटॉप बंद केला. लेक्चरसकट. "चार जणी होत्या ना? त्यातल्या दोन मराठी, दोन नाही. गेस करू कोणत्या दोन गेल्या?"

मी म्हटलं, त्याचा संबंध नाही, नोट वाच. ती म्हणाली, नोट वाचली, कोचने दाखवली, नोट फार छान आहे. "बासुंदी," ती म्हणाली.

मला पटकन कळलं नाही, म्हणून तिने आठवण करून दिली. मागच्या वर्षीचा गणपती, मंडळाचं जेवण, वेंटवर्थव्हिलचा हॉल. वाढण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्या आईकडे पाहुण्यांची शेवटची पंगत उठल्याशिवाय घरच्यांनी पानावर बसायचं नाही अशी पद्धत होती आणि मी ती इथेही चालवते, कोणी सांगितलेलं नसताना. मुलगी आणि सावंतवाडीची दोघी सकाळपासून ताटं उचलत होत्या. दोघींना मी तीनला बसवलं. बासुंदी संपली होती. पुऱ्या संपल्या होत्या. मसालेभात खरवडून निघाला तेवढा, आणि चटणी. मी म्हणाले होते, आपण काय, घरचेच.

"मी घरची आहे, फाइन," मुलगी म्हणाली. "ती नव्हती. तिने तिकीट काढलं होतं, आई. ती गेस्ट होती. तू तिला घरची केलंस आणि मग शेवटी बसवलंस. आणि ती म्हणाली, चालेल."

मशीन थांबलं. मी जर्सी काढायला उठले, कारण जर्सी काढायच्याच होत्या. एकेक झटकून दोरीवर घालताना मी तो हिशोब पुन्हा मांडून बघितला, या वेळी प्रामाणिकपणे. नोट लिहायला बसले तेव्हा पास पकडणाऱ्या दोघींची नावं यादीत होती. त्यांच्यातल्या एकीला जा म्हणून सांगायचं, तिच्या आईचा फोन येईल, दुसरी इन्स्टावर काहीतरी लिहील, लोक म्हणतील मॅनेजरने आपली पोरगी ठेवली आणि आमची घालवली. हे सगळं माझ्या डोक्यातून एका सेकंदात गेलं होतं. त्यानंतर कारणं सुचली. काउंटरचा दाखलाही नंतर सुचला. आपल्या दोघींना काढलं की कोणी मला नावं ठेवणार नव्हतं, आणि आपल्या दोघी तक्रार करणार नव्हत्या. नोट खरं तर एवढीच होती.

दमले होते, हेही खरं. त्या वर्षात जिथे कोणी वाद घालणार नाही असा रस्ता दिसला की मी तो धरायचे.

आत आले आणि मुलीसमोर उभी राहिले. "तुला जायचंय का तिकडे?"

"नो."

"का?"

"कारण माझी टीम ही आहे." मग लॅपटॉप पुन्हा उघडत, "आणि तुला आता फीलिंग आलंय म्हणून मी बिचारी होऊन जाईन असं समजू नकोस. तिला ठेवून मला पाठवायचं, ते पण नको. तेच आहे ते."

मी नेमकं तेच सुचवणार होते.

सहा वाजता लॅपटॉप बंद केला, एक जर्सी घडी करून पिशवीत घातली आणि सावंतवाडीचीकडे जायला गाडी काढली. उजेड होता, उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं नुकतीच तासाने पुढे गेली होती. तिच्या घराच्या ड्राइव्हवेमध्ये ती एकटी उभी होती, कामाच्या काळ्या पॅन्टमध्येच. घर जुनं, लाल कौलांचं. ती चेंडू छपरावर फेकत होती. चेंडू कौलांवर आपटत, वेडीवाकडी वळणं घेत खाली घरंगळायचा आणि पन्हाळीवरून कुठूनही सुटायचा. तो कुठून सुटणार हे तिला आधीच कळत होतं की काय कोण जाणे. ती तिथे असायची. गुडघे किंचित खाली जायचे आणि चेंडू छातीशी. आवाजही नाही.

आतून कोणीतरी ओरडलं, हिंदीत, किती वेळ ते ठकठक. ती म्हणाली, "बस, पाच मिनट," आणि मला बघून मास्क वर ओढला.

"ताई, आत नका येऊ. इथेच बोलू."

"कौल फुटलं तर घरमालक काय म्हणेल?"

"माझ्याच्याने फुटत नाही." ती हसली. "आणि फुटलंच तर बदलता येतं मला. त्याला कुठे माहितीये."

मी पिशवी बॉनेटवर ठेवली आणि मागे सरकले. तिने ती घेतली. "फॉर्म नाही आला अजून," ती म्हणाली.

"पाठवला नाही. तू चालेल का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी दुसरं काही विचारलं असतं तर?"

ती चेंडू हातात फिरवत राहिली. "ताई, चौदा दिवस तुम्ही डबा ठेवलात. मी एकदा सहज मेसेजमध्ये म्हटलं बांगड्याची आठवण येते, तर तुम्ही शाकाहारी असून कुठून तरी बांगडा आणलात. त्यानंतर मी तुम्हाला नाही म्हणू? कुठल्या तोंडाने?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी डबा दिला तो द्यायचा होता म्हणून दिला होता. तिने तो वेगळ्या ठिकाणी ठेवला होता.

"मग तू गेली असतीस तिकडे? दोन ट्रेन आणि बस, रविवारी ट्रॅकवर्कमुळे गाड्या बंद असतात."

"नाही ओ." ती अगदी सरळ म्हणाली. "सही केली असती. मग पहिल्या रविवारी शिफ्ट लागली सांगितलं असतं. दुसऱ्या रविवारी पण. मग त्यांनी मेसेज करणं बंद केलं असतं."

"म्हणजे खेळणंच सोडणार होतीस."

"हो मग काय."

"आणि मला सांगणार नव्हतीस."

"तुम्हाला सांगितलं असतं छान चाललंय."

मला तिचा राग आला, खरंच आला. मी म्हटलं, हा काय मूर्खपणा, दोन शब्द बोलता येत नाहीत. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच रागावताय आणि तुम्हीच विचारताय." तिने चेंडू परत छपरावर फेकला, बहुधा माझ्याकडे बघायला नको म्हणून. तो धुराड्याला लागून भलतीकडेच वळला, कुंपणाकडे. तिने चार पावलांत तो घेतला.

"रविवारी दोन तास," ती तिकडूनच म्हणाली, "लोक माझ्या अंगावर धावून येतात. बाकी आठवडाभर मला बघून बाजूला होतात. मी जाईन का कुठे ताई, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, रविवारी पावणेनऊ, आणि गाडीत बसले. काही आश्वासन दिलं नाही. फळीचा प्रश्न तिथेच होता. दोन दांडग्या मुली नकोत म्हणणं सोपं, त्यांच्या जागी उभं कोण राहणार? फळी नसेल तर तीच जास्त मार खाणार, सगळ्यांत मागे एकटी उभी असते ती. घरी येऊन खिचडी टाकली. नवऱ्याने विचारलं, काय झालं त्या बदलीचं. मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "तारीख लिहून ठेवू का?" मी त्याला वाढून घे म्हणून सांगितलं आणि त्या रात्री आधी माझं पान वाढून घेतलं. बरं वाटलं असं नाही. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कोचला फोन केला. तो साइटवर होता, मागे मिक्सर घरघरत होता. मी म्हटलं, नोट चुकीची आहे, मी मागे घेते, दोघींना ठेवायचं.

"बरं झालं," तो म्हणाला. "उंच चेंडूखाली तिच्यासारखी मी दुसरी बघितलेली नाही. मला नवलच वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुमचं आपसात ठरलंय काहीतरी. तुमच्या लोकांचं. मध्ये कशाला पडा."

मी त्याला म्हटलं, यापुढे मध्ये पड. तो म्हणाला, नो वरीज. मग म्हणाला, "आणि फळीचं काय?" मी म्हटलं, साडेआठला माझं ऑफिस सुरू होतं, तोपर्यंत वेळ आहे माझ्याकडे.

दक्षिणेच्या क्लबला दोन ओळींचं ईमेल लिहिलं. आभार, आणि या वर्षी आमच्या मुली आम्हाला लागतील. कारण दिलं नाही. मग गेल्या तीन सीझनच्या जुन्या याद्या काढल्या आणि सोडून गेलेल्या दांडग्या मुलींना एकेक करून फोन लावले. दोघींचे नंबर बंद होते. एक झोपेत होती आणि तिने ते मला स्पष्ट सांगितलं. बसची ड्रायव्हर म्हणाली तिची बहीण आहे, खेळलेली नाही, पण तिला कोणी ढकलून दाखवावं. रविवारी घेऊन येते. बाळंतपणाहून उठलेली म्हणाली, यायला मी आजही येईन, पण चार महिन्यांच्या बाळाला कोण बघणार, आई न्यूझीलंडला अडकलीय. मी म्हटलं, मी बघते. मी तशीही बाकावर वही घेऊन बसलेली असते. ती म्हणाली, खरंच का? मी म्हटलं, मी विचारते आहे, तू नाही म्हणू शकतेस. ती म्हणाली, अगं बाई, मी कशाला नाही म्हणू.

दोन झाल्या. चांगल्या की वाईट ते रविवारी कळणार होतं.

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना सावंतवाडीचीला मेसेज टाकला: बदली रद्द. तू आहेस. रविवारी पावणेनऊ, चालेल का?

उत्तर आलं: चालेल ताई.

मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले. मग फोनच लावला आणि विचारलं, हे खरं चालेल आहे की कालचं.

"ताई," ती म्हणाली, "खरं आहे. ठेवा आता, माझा भोपळा खाली लागतोय."

मी लॅपटॉप उघडला.